फाटक्या कोपऱ्याचं पाकीट

२२ एप्रिल १९६२, दिग्रस

तिकिटं खराब केली आज! हिंजेला थुंकी जास्त लागली अन् तिकीटच अल्बमला घट्ट बसलं. हिंज म्हणजे तरी काय — डिंक लावलेला कागदाचा दुमडलेला चिटोरा. अर्धा तिकिटाच्या पाठीला, अर्धा पानाला. पण जरा लक्ष हललं की खेळ खलास.

लक्ष सगळं मुकुटबनला, विमलच्या माहेरी. दिवस भरलेत तिचे. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी तिच्या आईने आधीच नेऊन ठेवली.

२३ एप्रिल

पत्र नाही.

२५ एप्रिल

कापसाच्या जीनचा हंगाम आटोपला, तिथल्या कचेरीत काम नाही. रिकामपण खायला उठतं. वाऱ्याने तिकिटं उडतात म्हणून भर उन्हात खिडकी-दार लावून बसलो. शेजारच्या शकुबाई दार ढकलून डोकावल्या — "भाऊ, दार लावून काय करून राह्यले? जीव द्याचा हाय काय?"

म्हटलं, तिकिटं लावतो.

"एकडाव लावलेली तिकिटं काढून पुन्हा कायले लावता!"

हसू आलं.

२७ एप्रिल

ब्रह्मदेशाचं पान लावलं. काढलं. पुन्हा लावलं. रांग तिरकीच दिसते.

२९ एप्रिल

संध्याकाळी घरी आलो तर दारात पाकीट. विमलच्या भावाचं, नानाजीचं अक्षर. कोपरा फाटलेला.

कोपरा फाडलेलं पत्र कशाचं असतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी गेल्याचं. मागच्या वेळी मूल गेलं तेव्हा पत्र अख्खं आलं होतं. नाव न ठेवलेल्या जिवासाठी कोणी कोपरा फाडत नाही. म्हणजे विमलच!

उघडलं नाही. खिशात टाकलं. वाचायचं काय त्यात!

तिला गाडीवर सोडायलाही गेलो नव्हतो मी. तिकिटं पाण्यात भिजत घातली होती म्हणे! विमल, माझं चुकलं गं.

३० एप्रिल, वणी

यवतमाळला गाडी चुकली, वणीला पोचेतो मुकुटबनची शेवटची गाडी गेलेली. आता स्टँडवरच मुक्काम.

बाजारात जाऊन हिरवं लुगडं घेतलं. अहेव गेली ती, तेराव्याला सवाष्ण जेवू घालावी लागेल, त्या सवाष्णीला द्यायला. दुकानदार म्हणतो, "घरी काही शुभकार्य हाय वाटते?" मान हलवली.

१ मे, मुकुटबन

नानाजी अंगणात खाट विणत होता. मला पाहून हसला. हसला!

"वा, भाऊजी! लवकरच आले. पत्र भेटलं ना?"

आतून आवाज — "कोण आलं वो, दादा?"

विमलचा! मी मटकन खाली बसलो. ऊन लागलं समजून कोणी कांदा फोडला, कोणी पाणी आणलं. मुलगी झाली आहे. दोघी सुखरूप! दारातूनच पाहिल्या. विमल वाळली आहे, पण आहे. आहे!

मग गोठ्यामागे जाऊन पाकीट उघडलं. 'मुलगी झाली, बारशाला या. तुमच्यासाठी डासाचं नवं तिकीट मुद्दाम लावलं आहे.' मलेरियाचं तिकीट, गेल्याच महिन्यात निघालेलं. पण पाकिटावर तिकीट कुठे? फाटला होता तो तिकिटाचाच कोपरा!

शकुबाईंचं काम. आळीत कुणाचंही पाकीट आलं की तिकीट फाडून माझ्यासाठी डबीत ठेवतात. मीच लावलेली सवय. अन् मी एवढा तिकिटांचा वेडा — पाकिटावर तिकीट नाही एवढंही दिसलं नाही मला! हसलो की रडलो, आठवत नाही. कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं आहे का ते!

३ मे

पोरगी रडते तेव्हा अख्खं घर जागं. विमल म्हणते, आवाज तुमच्यावर गेला. असेल.

६ मे

आज बारसं. पिशवीतलं लुगडं विमलला सापडलं. मी नको म्हणेपर्यंत नेसून उभीही राहिली.

"लगनापासून पहिल्यांदा आपल्या मनानं आणलं तुम्ही मले काही." काठावरून हात फिरवत होती. "हे आता पेटीत ठेवाचं. मी मरीन तवा हेच नेसवजा."

सगळे हसले. मी बरं म्हणालो.