सान रोक्कूचा ट्रम्पेट

सोमवार, १५ जुलै. सकाळी सात.
नवी वही, नवं पेन. दुपारी पाहुणी येतेय. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेने सहा आठवड्यांसाठी पाठवलीय. नाव सारूल, वय अठ्ठावीस, मंगोलियात नर्स. तिकडे समुद्रच नाही म्हणे. शाळेचं पत्रक सांगतं की यजमानांनी पाहुण्यांना माल्टाची ओळख करून द्यावी: संस्कृती, खाणं, प्रवास, शिक्षणाच्या संधी. मी एकवीस वर्षं सान रोक्कू बँड क्लबचा सेक्रेटरी आहे. मी नाही करून देणार तर कोण?
तळाला बारीक अक्षरात लिहिलंय: छंद, ट्रम्पेट. वाचून खुर्चीतून उडालोच.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.
कमिटीची बैठक. आमचा ट्रम्पेटवाला चेन्सू चाळीस वर्षं वाजवत होता, मे महिन्यात कवळी बसली आणि सूर गेला. अठरा ऑगस्टला आमच्या संताचा सण. आमच्या धुनेत मधे ट्रम्पेट एकटा वाजतो, तिथे सध्या नुसती शांतता असते. आम्ही लाल; गावातल्या दुसऱ्या, निळ्यांच्या सांता उर्सुला क्लबात तीन ट्रम्पेट आहेत. तीन! गाव एवढंसं!
टेबलावर मूठ आपटून सांगितलं, अठराला ट्रम्पेट वाजेल, नाहीतर ही खुर्ची सोडतो. अध्यक्ष नार्डू खाटीक म्हणाला, हे इतिवृत्तात घ्या. इतिवृत्त मीच लिहितो. घेतलं.

मंगळवार, १६ जुलै.
बायको, फिलोमेना, म्हणते, अरे मग विचार ना तिला सरळ! हिला धोरण कळत नाही. आपण विचारलं की तिचा आपल्यावर उपकार होतो. आधी संस्कृती पाजायची, मग तीच हात जोडून मागेल.
फिलोमेना माहेरची निळी. लग्न झाल्यापासून अडतीस वर्षं तिने त्यांच्या क्लबाचा उंबरठा ओलांडलेला नाही. मी कधी सांगितलं नाही हं. न सांगता समजतं तिला.
माल्टाच्या ओळखीची चार प्रकरणं लिहून काढली. एकतीस पानं.

शनिवार, २० जुलै.
प्रकरण पहिलं, संस्कृती. रोज न्याहारीला आमची धून तोंडाने म्हणून दाखवतो, ढोलासकट. सारूल काट्याने बशीवर ताल धरते. आज विचारलं तिने, काका, इथे कुठे वाजवता येईल? म्हटलं, घाई नको. आपण अजून पान चारवर आहोत.

मंगळवार, २३ जुलै.
प्रकरण दुसरं, खाणं. चौकातल्या दुकानात वाटाण्याचं सारण भरलेल्या खुसखुशीत पास्तीत्सी गरमागरम मिळतात, पण मालक निळा. म्हणून आपल्या माणसाकडे नेलं. उन्हात पंचवीस मिनिटं चाललो. गार होत्या. म्हटलं, पास्तीत्सीची खरी चव गार झाल्यावरच कळते. सारूलने मान डोलावली. 
परत विचारलं तिने वाजवण्याचं. मासा गळाला लागतोय.

शनिवार, २७ जुलै.
सारूल म्हणाली, काका, आपण बेटावरच आहोत ना? मग समुद्र कुठे आहे? म्हटलं, आहे, जातोय कुठे.
अडचण अशी की बस निळ्यांच्या चौकातून जाते आणि तिथे त्यांच्या सणाची निशाणं लागलीत. निळ्या निशाणाखालून मी जात नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. प्रवासाचं प्रकरण अठरानंतर.

गुरुवार, १ ऑगस्ट.
आठवडाभर दोघी कुठेतरी जातात, उशिरा येतात, स्वयंपाकघरात खिदळतात. मला पाहिलं की गप्प. माझ्यासाठी काहीतरी बेत शिजतोय. वाढदिवस नोव्हेंबरात आहे, पण असो. सारूलने वाजवण्याचं विचारणंही सोडलंय. लाजत असेल. रविवारी मीच प्रकरण चौथं काढतो: क्लबाचा संगीतवर्ग, फी नाही, केवढी संधी!

शुक्रवार, २ ऑगस्ट.
नार्डू दुकानाचा एप्रन न काढताच घरी आला. म्हणाला, अभिनंदन सेक्रेटरी, तुमची ट्रम्पेटवाली रविवारी निळ्यांच्या मिरवणुकीत वाजवतेय.
फिलोमेनाला जाब विचारला. शांतपणे वाटाणे सोलत बसली होती. म्हणाली, पोरीने तुला सात वेळा विचारलं. मी मोजलंय. शेवटी माझ्या भावाकडे घेऊन गेले.
कुठे, क्लबात?
क्लबात. दारातून आत.
म्हटलं, अगं अडतीस वर्षं! तर म्हणते, अडतीस वर्षांत तू तरी एकदा विचारलंस, जायचंय का म्हणून?
यावर माझ्याकडे चोख उत्तर आहे. आठवलं की लिहितो.

रविवार, ४ ऑगस्ट. सकाळी दहा.
निळ्यांची मिरवणूक आपल्या दारावरून जाते तेव्हा लाल घराच्या झडपा बंद. बापाने तेच केलं, आजोबांनी तेच. मीही केल्या. घरात एकटाच आहे. फिलोमेना निळा स्कार्फ बांधून गेली, चांगला इस्त्री केलेला. कुठे ठेवला होता एवढी वर्षं? मी झुकणार नाही. कानात कापूस.

दुपारी एक.
कापूस हलक्या प्रतीचा निघाला.
बँड बाल्कनीखाली आला आणि थांबला. मग ट्रम्पेट, एकटाच. आमची धून! निळ्यांच्या मिरवणुकीत लालांची धून! गावात असं कधी झालं नव्हतं. त्या बिचारीला काय माहीत की असं वाजवत नाहीत. ते माझ्या पान एकोणीसवर होतं, तिथवर आम्ही पोचलोच नाही. तिला वाटलं, काका रोज गातात, काकांना आवडेल.
झडपांच्या फटीतून पाहिलं, निळे जागच्या जागी गार. पुढे ढोलाची जागा आली. ढोल कोण वाजवणार? कोणीच नाही. झडपा मी उघडल्या नाहीत, हातांनी उघडल्या. पायजम्यातच बाल्कनीत आलो आणि कठड्यावर थापा मारल्या, शेवटपर्यंत. खाली फिलोमेना हसत होती, रडतही होती.
फार सुंदर वाजवते पोरगी. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, मलाही रडू आलं.

सोमवार, ५ ऑगस्ट.
तातडीची बैठक. आरोप पहिला, निळ्यांच्या मिरवणुकीला झडपा उघडल्या, वर ताल धरला. मी ठणकावलं, धून आपली होती! नार्डू म्हणाला, पोरीच्या डोक्यावर टोपी निळी होती. आरोप दुसरा, ट्रम्पेट कुठाय? तिलाच घेऊ म्हटलं, तर म्हणे निळ्यांत वाजवलेली आपल्याला चालत नाही. निळ्यांनीही तिला सकाळीच काढलंय, लालांची धून वाजवली म्हणून.
मला काढल्याचं इतिवृत्त लिहायला दुसरं कोणी नव्हतं. मीच लिहिलं. एक खाडाखोड नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट.
फिलोमेना म्हणाली, आता दोघंही मोकळे आहात, चला. बसने गेलो, निशाणांखालून. मी मान ताठ ठेवली, वर पाहिलं नाही.
प्रकरण तिसरं झालं. समुद्र दाखवला. घरापासून चौदा मिनिटं.
सारूल कपड्यांसकट पाण्यात शिरली. पास्तीत्सी आणल्या होत्या, चौकातल्या, गरम. फिलोमेनाला विचारलं, तुला अजून कुठे जायचंय का. तिने कागदातली शेवटची पास्तीत्सी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, नाही, बस इथे.
बसलो.