माझ्या नावानं सोडलेली चिंबोरी

१४ मार्च २०२५, शुक्रवार

माझ्या तोंडाला कुलूप घालणारे हे कोण?

आज धुळवड. हर्षद जाऊन वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा आपल्याला सण नाही. ते ठीक. सकाळी दासगावची मासेवाली दारावरून चालली होती, मी तिच्या टोपलीत डोकावले. नुसती डोकावले! तर मालोजीआप्पा – चुलत सासरे, भिंतीला भिंत लागून घर – ओट्यावरून ओरडले, "ए सलोनी! तुझी चिंबोरी सोडलेली हाय. ध्यानात हाय ना?"

ध्यानात आहे की. विसरू देतंय कोण? दहाव्याला सावित्री नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. मग आप्पांनी म्हणे हात जोडले, "हर्षद, तुला चिंबोरी आवडायची ना, तुझी बायको जन्मभर चिंबोरी सोडील." आणि कावळा शिवला. मी घरी पडून होते. सासूबाई मात्र हट्टानं घाटावर गेल्या होत्या. सगळे परत आले तेव्हा आप्पांनी मला हे सांगितलं, वर म्हणाले, सुटला एकदाचा पोरगा.

माझा घास, माझ्या नावानं, मला न विचारता! हर्षदला चिंबोरी आवडायची हे खरं. मला त्याच्याहून जास्त आवडते. लहानपणी माहेरी, कुडपणला, ओढ्यातल्या दगडांखालून मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, काढून खाल्लेली पोर आहे मी. पण ते कोण विचारतो?

तेव्हा भांडायचं त्राणच नव्हतं. वर्षभर पुढ्यात आलं ते गिळलं. आता त्राण आलंय.

रविवारी आणणार. आणणार म्हणजे आणणार!


१६ मार्च, रविवार

आणली. महाडच्या बाजारातून, पिशवी हलवत, आप्पांच्या ओट्यासमोरून.

कालवण नाही केलं. आजारी पडायच्या आधी हर्षदनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता – क्रॅब केक. चिंबोरीचं मांस काढून त्याचे चपटे वडे, वर बुडवून खायला चटणी. "एकदा करूया आपण," म्हणाला होता. शिवाय खरं सांगायचं तर कालवणातली चिंबोरी फोडून द्यायचं काम त्याचं होतं. माझ्या ओठाला कवच लागतं म्हणून तो मांस काढून माझ्या ताटात ठेवायचा. स्वतः खायचं विसरायचा! आता फोडायचं मीच.

तर उकडल्या, फोडल्या – आत पाणी! एवढ्या थोराड चिंबोऱ्या आणि मांस मुठीएवढंही नाही. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पुनवेची आणलीस गो? पुनवेला पोकळ असते ती. अवसेच्या तोंडावर आणायची." मग आधी का नाही बोललात? हे मनात.

बटाटा घालून वाढवलं. अंडं घातलं. तव्यावर टाकले तर फिसकटले, उलथनं लावलं की चुरा. तो चुराच चमच्यानं खाल्ला. आईंना वाटीत दिला. त्यांनी वाटी सरकवली. "मला नको."

बरं. नको तर नको.

कवचं काळ्या पिशवीत बांधून, कामाला जाताना माझ्या कंपनीजवळच्या कचऱ्यात टाकायचं ठरवलं होतं. पिशवी बांधता बांधता माझीच मला लाज वाटली. मी काय चोरी केली? सोडली गाठ. सगळी कवचं पुढच्या अंगणात, पपईच्या बुंध्याशी. बघा म्हणावं.


१७ मार्च

कंपनीत पॅकिंगमधली पूजा म्हणाली, "अगं, पाप लागेल." म्हटलं, लागू दे. पोकळ चिंबोरीचं लागून लागून किती लागणार!


२० मार्च, गुरुवार

आज चवदार तळ्यावर माणसांचा पूर. कंपनीची बस नाक्यावरच थांबली, पुढचं चालत. आज मासे खायचा वार नव्हताच, पण कोकम आगळ घ्यायचं होतं, ते राहिलं. व्हिडिओतली बाई पांढरं काहीतरी पिळते, ते आपल्याला नको. चटणी आगळाचीच.


२३ मार्च, रविवार

आप्पा आले. बसले नाहीत, म्हणजे भांडायलाच आले.

"वैनी, सुनेला आवरा. वाडीत बोलतात लोक. वर्षश्राद्धाला कावळा नाय शिवला तर काय तोंड दाखवायचं?" हे आईंना. मी समोर उभी, पण मी जणू दाराचा खांब.

मीच बोलले. म्हटलं, "आप्पा, पुतण्या तुमचा होता. एवढी माया होती तर तुम्ही तंबाखू सोडायची! कावळा अजून लवकर आला असता."

चंची हातातच होती त्यांच्या. ती मुठीत दाबली आणि चालते झाले. जाताना म्हणाले, "शिकलेल्या सुना!" बारावीपर्यंत शिकले त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं.

मजा आली. खोटं कशाला लिहू!

राग आला तो आईंचा. सगळा वेळ सुपात मान घालून तांदूळ निवडत होत्या. माझ्या बाजूनं नको, निदान त्यांच्या बाजूनं तरी बोला!


२६ मार्च, बुधवार

जमले!!

दुसरी पाळी होती, म्हणून सकाळीच बाजार गाठला. अवस शनिवारी. आई निघताना म्हणाल्या, "पोटाकडनं दाबून बघ. दबली तर घेऊ नको." मासेवाली वैतागली, तरी एकेक दाबून घेतली. भरलेल्या! फोडल्यावर पांढरं मांस आणि आत अंड्यांची केशरी लाख. वरवंट्यानं नांग्या फोडल्या त्या अशा, की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. अजून दोन हाणल्या, गरज नसताना.

या वेळी बटाटा नावाला. आलं, मिरची, कोथिंबीर, टोस्टचा चुरा. वळून तासभर फ्रीजमध्ये ठेवले, मग रव्यात घोळून तव्यावर. एक फिसकटला नाही. चटणी – आगळ, गूळ, ठेचलेला लसूण, भाजलेली लाल मिरची. आंबट, गोड, मग कानापर्यंत तिखट.

पहिला घास घेतला आणि हर्षदची आठवण आली. तू असतास तर म्हणाला असतास, मीठ कमी आहे. कमीच होतं रे. मीठ भुरभुरवून खाल्ला. मग दुसरा. वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखी भूक लागली.

आई पुन्हा उंबऱ्यात. बघतायत. वडा नाही, मला. घास तोंडात गेला की त्यांची नजर सोबत. ताटली पुढे केली. "नको गो मला." अहो, एक घ्या. "नको म्हटलं ना."

सुटला माझा तोल. "म्हणजे तुम्हीपण आप्पांच्यातल्याच! मी खाते ते तुम्हाला बघवत नाही ना?"

त्या उठल्या, पाण्याचा तांब्या भरून माझ्या ताटाशी ठेवला आणि मागच्या दारी गेल्या.

उरलेले फ्रीजमध्ये ठेवले. बोलत नाही मी त्यांच्याशी.


२८ मार्च, शुक्रवार

आज आई आपणहून बोलल्या. घाटावर आप्पांनी माझं नाव घेतलं, तेव्हा कावळा जागचा हललाच नव्हता. मग आई पुढे झाल्या. "तिचं नाय रे बाबा. तिला खाऊ दे. मी सोडते." तेव्हा शिवला. आप्पा वर्षभर अर्धंच सांगत फिरले.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत?

"तू कुठं काय खात होतीस गो? सांगून काय करू? परवा खायला लागलीस, तवा म्हटलं, आता बरं झालं."

फ्रीजमधले चार वडे मी गरम करून ठेवले होते. आता त्यांच्यासमोर कशी खाऊ, म्हणून ताटली आत न्यायला उठले. त्यांनी मनगट धरलं.

"हितंच बस. माझ्यासमोर खा. आणि कसं लागतं ते सांग."

खाल्ले. चारही. घासाघासाला सांगत गेले.