आमचा राक्षस कॉम्प्युटरात जातो

१ मार्च, सकाळ
निर्णय झाला. आमचा शनिवारचा खेळ मी कॉम्प्युटरवर आणणार.
कारण मेहुणी. मेअखेर ती लेकीकडे राहायला जाणार, नातू सांभाळायला. लांब, आणि कायमची. म्हणजे अकरा वर्षांचं टेबल मोडलं. काल खेळ संपल्यावर ही बहिणीचा कप बराच वेळ विसळत उभी होती. मला ते बघवेना. म्हटलं, एवढंच ना? कॉम्प्युटरवर आणतो, ती तिकडून खेळेल, आपण इकडून.
खेळ तसा साधा. मी सूत्रधार. गुहेची, राक्षसाची गोष्ट मी सांगायची आणि बाकी तिघांनी एकेक पात्र होऊन त्यात शिरायचं. ही मांत्रिक, मेहुणी चोर, माझा मित्र बेकरीवाला योद्धा. ज्याला जे सुचेल ते त्याने करावं. ते जमलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर कपाळमोक्ष. फासा मी टाकतो, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, म्हणजे कुणाची लुडबुड नको.
आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. माणसं बरोबर मजल्यावर पोचवली. एक राक्षस पडद्यावर पोचवायला कितीसा वेळ लागणार? महिना धरतो. खरं तर तीन आठवडे.

४ मार्च
प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ सुरू केले. शिकवणारा फार भरभर बोलतो. निम्म्या वेगाने लावला तर तो झिंगल्यासारखा वाटतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, कोण आलंय, बसायला सांगा त्यांना.

१५ मार्च
मोठा टप्पा. गुहेचं दार तयार. बटण दाबलं की उघडतं. हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, आणि बंद?
बंद अजून होत नाही. उघडणं महत्त्वाचं. बंद काय, कुणीही करेल.

२१ मार्च, शनिवार
तीन बटणं ठरवली होती: लढा, पळा, बोला. माणूस आणखी काय करणार?
आज टेबलावर मुद्दाम लक्ष ठेवलं. पहारेकरी समोर आला तर मेहुणीने त्याला विचारलं, ड्यूटी किती तास असते आणि वरचे लोक नीट वागतात का. मग त्याला संपावर जायला लावलं. बेकरीवाल्याने राक्षसाच्या भट्टीत हात घालून पाहिला आणि म्हणाला, मिस्त्री, याची आच एकसारखी नाही, हा पाव करपवत असणार. पुढचा पाऊण तास राक्षसाला भट्टी कशी पेटवायची ते शिकवलं. राक्षस मीच असल्याने मला शिकावं लागलं. हिने नेहमीप्रमाणे एकही मंत्र वापरला नाही. म्हणे, राहू देत, पुढे लागतील.
यातल्या एकाही गोष्टीला बटण नाही. बटणं वाढवावी लागतील. फार तर पाच-सहा.

३ एप्रिल
बटणं पडद्यावर मावत नाहीत. 'राक्षसाची विचारपूस करा', 'भट्टी तपासा', 'मंत्र राहू द्या', 'पहारेकऱ्याला फूस लावा', 'मागे कोण बोललं ते बघा'. गुहा आता उजव्या कोपऱ्यात तिकिटाएवढी दिसते. हिने विचारलं, हे बँकेचं काही आहे का?
चूक यंत्राची नाही, लोकांना शिस्त नाही. बटणं काढून टाकली. परत तीन. लागेल सवय.

१२ एप्रिल
आज फासा बसवला, आणि मनापासून समाधान वाटलं. अकरा वर्षांत मी कुणाची बाजू घेतलेली नाही. पडेल तो आकडा वाचायचा, हा माझा बाणा. आडोशामागे उजेड कमी, चष्मा कधी असतो कधी नसतो, तेवढंच काय ते. कॉम्प्युटरला चष्म्याची भानगड नाही. अगदी माझ्यासारखाच निःपक्ष.

१८ एप्रिल, शनिवार
पहिली चाचणी. चहा यायच्या आत सगळे मेले.
बेकरीवाला पुलावरून पडला. हिला वटवाघूळ चावलं, त्यातच ती गेली, सगळे मंत्र शिल्लक ठेवून. मेहुणी तर दार उघडतानाच गेली. माझं दार. इतक्या कष्टाने केलेलं.
मेहुणी म्हणाली, भाऊजी, अकरा वर्षांत मी एकदासुद्धा मेले नव्हते हो. बेकरीवाला म्हणाला, मी तर त्या पुलावरून दर महिन्याला जातो.
मी म्हटलं, किरकोळ बिघाड आहे.

२१ एप्रिल
फाशाचा कोड तपासला. एकच ओळ. बरोबर दिसते. म्हणूनच संशय येतो.

२३ एप्रिल, दुपार
खात्री करायला खरा फासा जेवणाच्या टेबलावर, उघड्यावर टाकला. मी टाकायचा, हिने वाचायचा आणि लिहायचा. अर्धी दुपार गेली. लहान आकडे, मोठे आकडे, सगळे सारखेच. हुबेहूब कॉम्प्युटरसारखे. हा हिशेब धरला तर मेहुणी दुसऱ्याच शनिवारी मरायला हवी होती.
निष्कर्ष: फासा झिजला आहे.
ही म्हणाली, शनिवारी तुम्ही पुठ्ठ्यामागे टाकता तेव्हा बरा असतो वाटतं? मी म्हटलं, तिथे ऊन लागत नाही.

२५ एप्रिल
नवा फासा आणला. तोही झिजलेला. हल्ली माल असाच येतो.

३ मे
उपाय सापडला. फासा झिजला असेल, तर आकड्यात थोडी भर घालून वाचायचं. प्रोग्रॅममध्ये तसं लिहिलं. मेहुणीने दाराला हात लावला तर भर. बेकरीवाला पुलावर असेल तर पूल रुंद. हिच्या वाटेला वटवाघूळ आलं तर त्याला दुसरीकडे काम निघतं. याला बाजू घेणं म्हणत नाहीत. दुरुस्ती म्हणतात. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबली तर आपण माणसांना उडी मारायला सांगतो का?

९ मे, शनिवार
दुसरी चाचणी. कुणी मेलं नाही. पूर्ण यश.
बेकरीवाल्याच्या ते लगेच लक्षात आलं. मजा म्हणून पुलावरून उड्या मारत बसला. हिने पहिल्याच खोलीत सगळे मंत्र उधळले. अकरा वर्षं जपलेले. म्हणाली, आता कशाला ठेवायचे? मला जरा कसंतरीच झालं. मेहुणीने जांभई दिली.
विचारलं तर म्हणाली, भीतीच वाटत नाही, भाऊजी. टेबलावर तुम्ही फासा टाकता, बघता आणि गप्प होता. तेव्हा मी खुर्चीची कड धरून बसते. मग हळूच सांगता, थोडक्यात वाचलीस.
मी म्हटलं, पडतोच तसा, त्याला मी काय करू?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बेकरीवाल्याने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, घे रे मिस्त्री, खा.

१४ मे
गप्प होणं बसवलं. आकडा सांगण्याआधी कॉम्प्युटर थोडा वेळ थांबतो. परिणामकारक. हिला वाटलं अडकला, म्हणून तिने बंद करून परत चालू केला. सगळी गुहा गेली. सुदैवाने दाराची प्रत होती.

३० मे, शनिवार
मेहुणी गेली. गेम पेन ड्राइव्हवर घालून दिला. पुढच्या शनिवारी सहाला, म्हटलं, कॉम्प्युटर लावून बस. ती हो हो म्हणाली आणि ताईच्या गळ्यात पडली. तिला स्टेशनवर सोडून येताना ही रिक्षातून बाहेर बघत होती. मी दुसऱ्या आवृत्तीची माहिती दिली. बराच वेळ. मग माझा रुमाल तिच्या हातात दिला.

६ जून, शनिवार
सहाला आम्ही तिघं कॉम्प्युटर घेऊन तयार. पाच मिनिटांनी मेहुणीचा फोन. म्हणाली, भाऊजी, दार उघडलंय, पण आत नुसता काळोख आहे. तुम्हीच सांगा ना, काय दिसतंय मला.
मी फोन स्पीकरवर टाकला. म्हटलं, तात्पुरतं सांगतो, तोवर गेम चालू होईल. सांगितलं. समोर खोल दरी, पलीकडे मशाल. ती म्हणाली, उडी मारते. तिकडे बाळ रडत होतं, तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, हा पण मारतोय.
मी फासा टाकला. पाहिला. चष्मा पुसला. फोनमधून काही आवाज येईना, बाळसुद्धा गप्प. हिने माझी बाही धरली.
थोडक्यात वाचलात, म्हटलं. दोघंही.
ही इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने बहिणीसाठी दोरी सोडायचा मंत्र वापरला. एकच. बाकीचे राहू द्या म्हणाली. जेवणं लांबली. निघताना बेकरीवाल्याने बिस्किटांची बशी उचलली, तेव्हा कळलं की ती मिटलेल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली होती.
नोंद: गेम लांबवर व्यवस्थित पोचला. आवाज स्पष्ट. फोनवर खेळायला प्रोग्रॅमिंग लागत नाही, हे या संशोधनातूनच समजलं.
अंथरूण घालताना ही म्हणाली, अहो, हा फोन मार्चमध्येच सुचला असता तर?
मार्चमध्ये ती इथेच बसली होती. फोन काय समोरच्या खुर्चीला लावायचा?