टुलूच्या श्वासाची जागा

३ फेब्रुवारी

टुलूला नेलं! ओल्या चादरीत गुंडाळून, ट्रकमधून, दुसऱ्या सागरी प्राण्यांच्या पार्कात. आता आमच्या टाकीत निवी एकटी. इतकी वर्षं या दोघी पांढऱ्या बेलुगा व्हेल पाळीपाळीने श्वास घेत आल्या — निवीचं फुस्स, लगेच टुलूचं फुस्स. आज निवी वर आली, एक श्वास घेतला आणि थांबली. टुलूच्या श्वासाची वाट बघत. नुसता संताप होतोय.

६ फेब्रुवारी

निवी हेरिंग मासा तोंडात धरते, सोडून देते. पाण्याखाली फार वेळ राहते. डॉक्टर म्हणाल्या, फुप्फुसं ठणठणीत आहेत, जरा कळ काढा. कळ कोण काढतंय ते टाकीत बघा म्हणावं!

घरी नवऱ्याने, आयव्हनने, अर्धं सामान बांधलंय. महिनाअखेरीस मी इथली नोकरी सोडणार आणि त्याच्याबरोबर हॅलिफॅक्सला राहायला जाणार. केव्हापासून ठरवतोय आम्ही.

९ फेब्रुवारी

आज राहवलं नाही. निवी श्वास घेऊन थांबली आणि मी काठावर पालथी पडून, गाल फुगवून जोरात फुस्स केलं. तिने लगेच दुसरा श्वास घेतला! पुन्हा केलं, पुन्हा घेतला. मग मासेही खाल्ले. मी तिथेच बर्फात बसून रडले.

मागे गॉर्ड उभा होता. इथला सगळ्यात जुना माणूस.

"श्वासाला उत्तर द्यायचं नसतं, पोरी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुला."

"मग काय मरू द्यायची?"

"एकदा दिलंस की रोज द्यावं लागतं. तूच."

म्हातारा उगाच घाबरवतो.

१५ फेब्रुवारी

गॉर्डने फुंकून पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं. निवी ढिम्म! मी फुंकलं की लगेच श्वास. साहेब खूश, म्हणाले तुझ्या हाताला गुण आहे. मला गॉर्डचे शब्द आठवले.

२१ फेब्रुवारी

तिची सवय मोडावी म्हणून दोन दिवस मुद्दाम गेले नाही. गॉर्डचा फोन आला. निवी माशाला शिवली नाही म्हणे. वर येते, एक श्वास घेते आणि मी येते त्या दाराकडे तोंड करून थांबते.

जेवण तसंच टाकून निघाले. आयव्हनने माझं ताट झाकून ठेवलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी सामानाचा ट्रक आला. आयव्हन एकटाच गेला. मी टाकीवर होते. जाण्याआधी तो बराच वेळ दारात थांबला होता, असं शेजारीण म्हणाली.