शिरभाट शहर झालंच पाहिजे

१२ जानेवारी, रविवार
सुहासिनीला जाऊन आठवडा झाला. गेली म्हणजे ज्ञानदाकडे, ठाण्याला. लेकीकडे आई जातेच. तात्पुरती. कारण उघड आहे: पाणी. टँकर येतो तो दोन दिवसांआड, तोही मचूळ. कोणती बाई सहन करेल? निघताना दारात उभी राहून काहीतरी सांगत होती, पण मी फोनवर टँकरवाल्याला झापत होतो. तिला हातानेच थांब म्हटलं. फोन संपेपर्यंत रिक्षा गेली होती. प्रश्न किती गंभीर आहे ते यावरून दिसतं.
निष्कर्ष: ग्रामपंचायतीच्या भरवशावर संसार होत नाही. शिरभाट महापालिकेत गेलंच पाहिजे. गाव शहर होईल, नळ येईल, सुहासिनी येईल.
संकल्प: पाडव्याची गुढी तिच्याच हातून.

१४ जानेवारी, मंगळवार
‘शिरभाट शहर कृती समिती’ची स्थापना. स्थळ: आमचा हॉल. सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांना आमंत्रण होतं. आले दोघे. एक बी विंगमधला सुमेध. तरुण आहे, कॉम्प्युटरवाला आहे, बायको माहेरी असल्यामुळे मोकळा आहे. दुसरे गृहस्थ पार्किंगची तक्रार घेऊन आले होते, चहा पिऊन गेले. अध्यक्षपदी माझी बिनविरोध निवड. सुमेध सेक्रेटरी.
तिळगूळ कुठे ठेवतात ते सापडलं नाही. साखर दिली.

१९ जानेवारी, रविवार
सुहासिनीला फोन. समितीची ध्येयधोरणं सविस्तर सांगितली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, “जेवलात का?” म्हटलं, जेवणाचं सोड, पाठिंबा आहे ना? म्हणाली, “बरं.”
पाठिंबा मिळाला. सुमेधला कळवलं.

२६ जानेवारी, रविवार
पंचायतीच्या झेंडावंदनानंतर तिथेच वाद पेटला. एका बाजूला आम्ही सोसायटीवाले, दुसऱ्या बाजूला जुने गाववाले. त्यांचा पुढारी बॅप्टिस्ट. आमच्या कंपाउंडला लागून त्याची केळीची वाडी आहे. शेजारी म्हणून माणूस सोन्यासारखा, नागरिक म्हणून शून्य.
मी मुद्देसूद बोललो: नळ, गटार, दवाखाना, फायर ब्रिगेड. बॅप्टिस्ट धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, “रमेशराव, शहर झालं का माझ्या वाडीवर नकाशात रंग लागनार. हिरवा लागला तर बाग, पिवळा लागला तर बिल्डिंग. माझ्या आज्याने खनलेलं तळं, हे बावखल, बुजवनार. ह्या बावखलात पानी हाय, म्हनून तुमच्या बोअरला पानी हाय.”
भावनिक मुद्दा. एका डबक्यावर शहरं अडत नाहीत, असं मी ठणकावलं. टाळ्या पडल्या. सुमेधच्या.
संध्याकाळी दारात गोड्या पाण्याचा कॅन. बॅप्टिस्टच्या विहिरीचं. विरोधकांचा डाव ओळखला. पाणी प्यालो.

९ फेब्रुवारी, रविवार
जाहीर सभा. मैदानात खुर्च्या मांडल्या. त्याच वेळी गावात कुणाचं तरी लग्न होतं, बँड लागला. माझं भाषण बँडमध्ये बुडालं, पण जे ऐकू आलं ते प्रभावी होतं असं सुमेध म्हणाला. नंतर मांडवातून जेवणाचा निरोप आला. तत्त्व म्हणून जाणार नव्हतो. पण घरी भात करपला होता. गेलो.
बॅप्टिस्टची बायको प्रिस्का वाढत होती. म्हणाली, “वहिनींचा फोन येते मला.” म्हटलं, उत्तम, तिला सांगा काम जोरात आहे. ती काही तरी बोलणार होती. बॅप्टिस्टने तिच्याकडे पाहिलं. ती पुढच्या पानाकडे गेली.
गाववाल्यांमध्ये मतभेद आहेत. नोंद घेण्यासारखी गोष्ट.

१६ फेब्रुवारी, रविवार
बॅप्टिस्ट सकाळी घरी आला. हातात केळ्यांचा फणा. बराच वेळ बसला. मी त्याला पालिकेच्या पाणीयोजनेचा नकाशा दाखवत होतो. मध्येच म्हणाला, “रमेशराव, रागावू नका. वहिनी पान्यासाठी गेल्या असं मला नाय वाटत.”
मी हसलो. म्हटलं, आता माझ्या घरातूनच माझा मुद्दा काढून घेणार का? घरात पाणी कोण भरायचं, मी का ती? पहाटे उठून पिंपं भरायची ती. मला जाग यायची तेव्हा सगळी भरलेली असायची. त्रास तिलाच होता.
तो म्हणाला, “तेच.”
आणि उठला. तेच काय? या लोकांना वाक्य पूर्ण करता येत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शिरभाट पालिकेत घ्यायचं का, त्या सुनावणीची तारीख आली. वसईला, साहेबांसमोर. दोन्ही बाजू ऐकणार. माझ्याकडे दहा मिनिटं. भाषण आरशासमोर म्हटलं. पूर्वी सुहासिनीसमोर म्हणायचो. तिला माझी सगळी भाषणं पाठ. ऑफिसमधल्या माझ्या निरोप समारंभाला मी एक वाक्य विसरलो तर तिने खालून ओठ हलवून सांगितलं होतं.
आठवलं म्हणून फोन केला. सावंतवाडीहून आल्यापासून तिचा आवाज जरा बसलेलाच आहे. डिसेंबरात तिच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, एकटीच गेली होती. माझी जनरल बॉडी होती, विषय टँकरचा. तिने समजून घेतलं. तिचा हाच गुण. कधी काही बोलत नाही.

५ मार्च, बुधवार
ऐतिहासिक दिवस.
हॉल भरलेला. आधी बॅप्टिस्ट बोलला. कागद नाही, काही नाही. बावखल, वाडी, चर्चमागची वाट, पावसात पाणी कुठून कुठे जातं, एवढंच. लोक माना डोलवत होते. हवा त्यांच्या बाजूला चाललेली बघून मी भाषण बाजूला ठेवलं आणि हुकमाचं पान काढलं. साहेबांना म्हटलं, “साहेब, पाण्याअभावी माझी पत्नी घर सोडून गेली आहे. चौतीस वर्षांचा संसार आहे माझा. आणखी काय पुरावा देऊ?”
मागे कोणीतरी हसलं. मग बरेच. साहेबांनी विचारलं, “त्या तसं म्हणाल्या का?” म्हटलं, म्हणायची गरज काय, नवरा आहे मी. पुन्हा हसले. बॅप्टिस्ट तेवढा हसला नाही. मान खाली घालून बसला होता. हरल्याची जाणीव.
निर्णय राखून ठेवला आहे. सुमेधने व्हिडिओ काढला, सगळ्या ग्रुपवर टाकला. आता विषय घराघरात जाईल.

६ मार्च, गुरुवार
ज्ञानदाचा फोन. रडत होती. व्हिडिओ तिच्या ऑफिसात पोचला. “बाबा, आईचं असं जगासमोर? तिला एकदा विचारलंत तरी?”
म्हटलं, आईला दे फोन.
म्हणाली, “आई माझ्याकडे नाहीये. इथे पंधरा दिवस होती फक्त. विरारला, चंदनसारला खोली घेतलीय तिने. मी सांगणार होते, तीच नको म्हणाली. म्हणाली, ते विचारतील तेव्हा सांग. तुम्ही विचारलंच नाहीत, बाबा.”
मी रोज विचारत होतो. पाठिंब्याबद्दल.
दुपारी विचार केला. चंदनसार म्हणजे पालिकेची हद्द. म्हणजे सुहासिनी स्वतःहून शहरात राहायला गेली! माझ्या म्हणण्याला याहून मोठा आधार कोणता? सुमेधला सांगायला गेलो. तो म्हणाला, “काका, बसा जरा. पाणी देऊ?” त्याचा चेहरा मला आवडला नाही. समितीतला उत्साह कमी होतोय.

१८ मार्च, मंगळवार
सोसायटीत नळाला पाणी आलं! पालिकेचं नाही, कुठल्याशा ग्रामीण योजनेचं. पाइप गेल्या वर्षीपासून पडून होता म्हणे. शहर न होता पाणी आलं, हा समितीला धक्का आहे. पण घरी फायदाच. सगळी भांडी भरली. पिंपं, कळशा, कुकरसुद्धा. फोन केला: आलं पाणी! आता ये!
म्हणाली, “तुम्ही या. पाडव्याला या जेवायला.”
तीच आणायला बोलावतेय. रीतसर.

३० मार्च, रविवार, पाडवा
रिक्षाने गेलो. मोठी बॅग नेली, तिचं सामान आणायला.
चंदनसारला एका चाळवजा बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, एक खोली. दारात गुढी. तिने एकटीने उभारलेली, जरा तिरकी. जिन्यात बायका हंडे घेऊन वर येत होत्या. तिच्याही हातात दोन बादल्या. तिथे नळ दिवसाआड, तोही तासभर, तोही खाली. मी बघतच राहिलो. आमच्यापेक्षा वाईट. बादली घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, “राहू द्या, सवय आहे.”
श्रीखंड-पुरी केली होती. जेवताना मी सुरुवात केली, पाणी, प्रेशर, टाकी. तिने हातानेच मला थांबवलं. रागाने नाही.
म्हणाली, “अहो, पाण्याचं मी कधी म्हटलं? पाणी मी आयुष्यभर भरलं. त्याचा कंटाळा आला असता तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच गेले असते.”
मग कशाचा, असं विचारलं.
“मी बोलायचे, आणि घरात कोणी नसायचं. तुम्ही असायचात, तरी नसायचं. आई गेली तेव्हा मला वाटलं, आता माझं ऐकणारं कोणीच उरलं नाही. मग म्हटलं, एकटंच राहायचं तर एकटंच राहू.”
मी आणखी एक पुरी वाढून घेतली.
मग ती सांगत बसली. खाली पाळणाघर आहे, सकाळी ती तिथे जाते. एक पोरगा रोज तिची चप्पल लपवतो. एक मुलगी तिला ‘सुहास काका’ म्हणते. तिने त्यांच्या नकला केल्या. मी इतका हसलो की ठसका लागला. चौतीस वर्षांत मला माहीत नव्हतं, ही इतकी हसवते. का तेव्हाही हसवत होती?
ऊन उतरल्यावर उठलो. विचारलं, येशील?
“नाही हो,” म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. खाली रस्त्यापर्यंत आली. रिकामी बॅग तिनेच रिक्षात ठेवली. “गोळ्या वेळेवर घ्या,” म्हणाली.
कोपऱ्यावर मागे वळून पाहिलं. ती शेजारच्या बाईशी बोलत होती.

६ एप्रिल, रविवार
संध्याकाळी सुमेधचा मेसेज. निर्णय झाला. शिरभाट तूर्त गावच राहणार. पुढे काय करायचं, मीटिंग कधी, असं विचारलंय.
बॅप्टिस्ट कुंपणापलीकडे केळींना पाणी लावत होता. त्याला कळलं असणार. त्याने ना हाक मारली, ना जिंकल्यासारखं पाहिलं. फक्त विचारलं, “भेटल्या वहिनी?” म्हटलं, भेटली. बरी आहे. तो म्हणाला, “बरं झालं,” आणि पाट दुसऱ्या ओळीत वळवला.
मेसेज पुन्हा वाचला. एवढी मोठी बातमी. चष्मा हातात घेऊन, सुहासिनीला सांगायला म्हणून स्वयंपाकघरापर्यंत गेलो.