माझ्या डोक्याचा रिपोर्ट

४ मार्च, मंगळवार

"तुम्ही आमचे पेशंट नाही." — मानसतज्ज्ञ बाईंच्या काउंटरवरची पोरगी. मान वर करून बघितलंही नाही! म्हटलं, अहो, आतल्या खोलीत बसून अर्धा दिवस पेन्सिलीने गोल काळे करत होतो तो मीच ना? तर म्हणे, "तुमची कंपनी आमची क्लायंट. रिपोर्ट तिकडे गेला. तिकडेच मागा."

तिकडे म्हणजे आमच्या बसकंपनीच्या हापिसात. तिथले साहेब म्हणतात, गोपनीय आहे. कुणापासून गोपनीय? "सगळ्यांपासून." मग तुम्ही वाचलात का साहेब? "मला वाचावाच लागतो!"

म्हणजे डोकं माझं, आणि आत काय आहे ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक. वा रे वा!

५ मार्च

अजून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवरच. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे. आज एक कवळी आली! कवळी विसरून माणूस बसमधून उतरतोच कसा?

इथे बसवून महिना होत आला. त्या दिवशी वळणावर एक माणूस फुटपाथवरून सरळ माझ्या बससमोर आला. ब्रेक मारला, पण नाही थांबली. चूक माझी नाही. कॅमेऱ्यात दिसतंय, पोलिसांनी तसं लिहूनही दिलंय. पण नियम तो नियम — चाकाखाली माणूस गेला की ड्रायव्हरच्या डोक्याची तपासणी, आणि साहेबांची सही होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

डेपोतली पोरं खिडकीसमोरून जाताना गप्प होतात. पुढे गेली की हसतात. एकाचं ऐकलं — "सटकलंय म्हणे याचं."

७ मार्च

बायको म्हणाली, "अहो, त्या कागदाच्या एवढं हात धुऊन मागे का लागलाय? गाडी द्यायची तेव्हा देतील."

तिला काय सांगू!

११ मार्च, मंगळवार

फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात गेलो. वकीलबाई वयाने माझ्या पुतणीएवढी, पण बोलणं चोख. म्हणाली, "काका, प्रश्न आणि तुमची उत्तरपत्रिका कदाचित देणार नाहीत. ती टेस्ट बनवणाऱ्यांची असते. पण निष्कर्ष तुमच्याबद्दल आहे. तो बघायचा हक्क मागता येतो. तोंडी नाही, लेखी मागा. दोघांकडेही — कंपनी आणि त्या बाई." मग विचारलं, "तपासणीआधी सही कशावर केलीत?"

काय माहीत कशावर! पुढे सरकवलं, केली.

तिने कपाळाला हात लावला. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१२ मार्च

इथे खरं लिहितो. इथे कोण वाचणार आहे?

आमच्या डेपोत एक रीत आहे. ज्याला तपासणीला पाठवतात त्याला मास्तर — आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर — आदल्या दिवशी गाड्या धुण्याच्या शेडमागे बसवतात आणि उत्तरं पाठ करून घेतात. झोप? गाढ. भूक? दणकून. तो माणूस आठवतो का? वाईट वाटतं, पण काम ते काम. "आणि सगळ्यालाच नाही-नाही म्हणू नकोस रे, मधूनच एखादं 'कधीकधी' टाक. नाहीतर ओळखतात!" मास्तरांच्या हाताखालून गेलेला एकही जण आजवर नापास झालेला नाही. मनाने फार चांगला माणूस. कुणाच्या पोटावर पाय येऊ नये एवढंच बघतात.

मी पोपटासारखं सगळं म्हटलं. 'कधीकधी'सुद्धा बरोबर जागी टाकलं.

झोप कसली नि भूक कसली! घास तोंडात फिरत राहतो. त्या माणसाने शेवटी वर माझ्याकडे बघितलं होतं. हे पोलिसांना नाही सांगितलं, बायकोलाही नाही. रस्ता ओलांडायचा म्हटला की पाय उचलत नाही. ती हाताला धरून नेते, तिला वाटतं गुडघा दुखतो.

पण तपासणारी बाई शिकलेली आहे. सारखी माझ्या हातांकडे बघत होती. माझ्यासारखे शंभर बघितले असतील तिने. तिने ओळखलंच असणार. लिहिलंच असणार!

तेच वाचायचंय मला. नोकरी गेली तर जाऊ दे — नाही, जाऊ दे कसं म्हणू? पण एकदा कुणीतरी म्हणू दे की या माणसाला काहीतरी झालंय. मला माझ्या तोंडाने म्हणता येत नाही.

१३ मार्च

दोन्ही अर्ज दिले. पोच मागितली तर साहेबांनी असं बघितलं जसं काही त्यांची खुर्चीच मागितली.

२४ मार्च, सोमवार

कंपनीचं उत्तर आलं. "आपण सही करून अहवाल पाहण्याचा हक्क सोडलेला आहे." बाईंच्या क्लिनिककडून तेवढंही नाही. सगळ्यांपुढे हात टेकले. आता कुठे डोकं आपटू?

२५ मार्च

वकीलबाई म्हणते, सही केली म्हणून सगळं सुटत नाही, आपण भांडू. तिने स्वतःच्या नावाने पत्र पाठवलं. पोरीला माझ्यापेक्षा जास्त चेव आलाय. मी नुसता हो-हो करत बसलो. तिलाही खरं नाही सांगितलं.

२ एप्रिल

साहेबांचा फोन. "उद्या या आणि घेऊन जा एकदाचा!" वकिलाच्या पत्राने तंतरली दिसते.

चहा तसाच गार झाला. बायको म्हणते, ताप आहे का बघू.

३ एप्रिल, गुरुवार

जेमतेम एक पान. "झोप, भूक उत्तम. घटनेचा कोणताही मानसिक परिणाम आढळत नाही. वृत्तीने प्रामाणिक. तत्काळ कामावर घेण्यास हरकत नाही."

प्रामाणिक!

पुन्हा वाचलं. उलटून बघितलं. मागे कोरं. तिने माझे हात बघितलेच नव्हते. घड्याळ बघत असेल.

साहेब म्हणाले, "अहो, सहीचंच राहिलं होतं. खिडकीवर दुसरा माणूस मिळेना." आणि सही केली. माझ्यासमोर, एका झटक्यात.

वकीलबाई फोनवर आनंदाने ओरडलीच. "काका, जिंकलात!" मी विचारलं, यावर हरकत घेता येते का? ती हसली. "विरुद्ध गेला तर घेतात हरकत. हा तर तुमच्या बाजूने आहे. चुकीचं काय आहे त्यात?"

तोंड उघडलं. म्हटलं, काही नाही. थँक्यू.

घरी बायको रडली. देवासारखी पोरगी भेटली म्हणाली.

७ एप्रिल, सोमवार

आज पहिली फेरी. ते वळण आलं आणि मी डोळे मिटून घेतले. बस भरलेली होती, माणसं उभी होती. कुणाला कळलं नाही.