लोणंदच्या पोस्टिंगवरून

प्रिय आबा,

सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्या घरात रीत नाही, ठाऊक आहे मला. पण पोस्टिंग संपली की आधी वर्दी द्यायची, ही तुमचीच शिकवण. आज दुपारी मी लोणंदहून घरी आले. वर्ष पूर्ण झालं, आबा! तुमची काळी ट्रंक सोप्यात ठेवलीय आणि तिच्यावरच कागद टेकवून लिहितेय. तुम्ही असतात तर आल्या आल्या समोर उभं करून सगळं विचारलं असतंत, चहासुद्धा नंतर. आता तुम्ही नाही, म्हणून हे पत्र.

तशी ही पोस्टिंग नव्हतीच मुळी. सांगलीच्या कॉलेजात मी अन्नप्रक्रियेची डिग्री करत होते आणि त्या डिग्रीत एक अख्खं वर्ष कंपनीत काम करावं लागतं. मला मिळाली लोणंदजवळची दूध डेअरी, तिथली प्रयोगशाळा. कॉलेजात कुणी त्याला इंटर्नशिप म्हणायचं, कुणी अप्रेंटिसशिप. आपल्या भावकीत मात्र एकच शब्द होता, "शोभत न्हाई." लग्नाला वर्ष झालं नाही आणि सून परगावी खोली घेऊन राहणार? तुमचे धाकटे भाऊ तर तुम्हाला समजवायला मुद्दाम घरी आले होते. तुम्ही काय केलंत आठवतं? सुपारी कातरता कातरता नुसतं म्हणालात, "तिची पोस्टिंग आलीया. आर्डर आल्यावर जायाच लागतंय गड्या."

संपलं! आपल्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पोस्टिंगला नाही म्हणायची कुणाची टाप? धाकटे काका चहा पिऊन गेले. माझा नवरा, तुमचा सुनील, दाराआड तोंड दाबून हसत होता.

पण तुमच्या त्या एका शब्दानं माझी जी पंचाईत झाली, ती तुम्हाला कधी सांगितली का मी? निम्म्या गावाला वाटलं, मी खरंच फौजेत भरती झाले. देवळापाशी बायका विचारायच्या, "बंदूक जड आसती का गं?" शेजारच्या हिराकाकूंनी तर मला स्वतःच्या हातानं विणलेली कानटोपी आणून दिली. म्हणाल्या, "तिकडं बर्फ लय पडतो म्हणं. कान झाकून घे पोरी." लोणंदला बर्फ! मी तुमच्याकडं पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, "घे की. थंडी हायच तिकडं." घेतली. वर्षभर वापरलीसुद्धा. भल्या सकाळी दुधाचे टँकर येतात तेव्हा डेअरीत चांगलाच गारठा असतो.

मग ही ट्रंक. तुमची स्वतःची, सगळी नोकरी तुमच्याबरोबर हिंडलेली. तिच्यावरचं तुमचं नाव काळ्या रंगानं झाकून तुम्ही ब्रश घेऊन बसलात आणि मला विचारलंत, "हुद्दा काय लिवायचा?" मी म्हटलं, "आबा, मी नुसती ट्रेनी आहे." तुम्ही पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलंत, "ट्रेनी अश्विनी सुनील माने, लोणंद." मला हसू आवरेना. लोणंदच्या खोलीतल्या मुली तर पहिल्या दिवशी पोट धरून हसल्या. पुढं त्याच मुली त्या ट्रंकेवर बसून जेवायच्या आणि कुणी पाहुणा आला की आधी ते नाव दाखवायच्या.

रंग वाळेपर्यंत तुम्ही तुमच्या आईची गोष्ट सांगितलीत. तुम्ही सीमेवर होता, इकडं त्या आजारी पडल्या, गेल्या, तेरावाही झाला, आणि तुम्हाला पत्रं येत राहिली, "इकडील सर्व खुशाल." ड्यूटीवरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही, त्याचं चित्त ढळतं, म्हणून. तुम्ही ब्रश पुसत म्हणाला होतात, "त्या पत्राचा राग माझ्या मनातनं अजून गेला न्हाई."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, आबा. मी त्यावर परत येणार आहे.

मी निघाले त्या सकाळी सासूबाईंनी मला ओवाळलं, हातावर दही-साखर ठेवली, आणि सगळे फाट्यापर्यंत आले. जवान रजेवरून परत निघाला की गाव करतं, अगदी तसंच. माहेराहून सासरी येतानासुद्धा माझी एवढी सरबराई झाली नव्हती! एसटी हलली आणि तुम्ही ताठ उभे राहून सॅल्यूट ठोकलात. कंडक्टरनं विचारलं, "म्याडम, पोलिसात हाय का?" मी रडत होते, म्हणून नुसती मान हलवली. कशी हलवली, देव जाणे. त्यानं मला खिडकीची जागा करून दिली.

आणि टँकर! तो विसरून कसं चालेल? एका सकाळी एका टँकरच्या दुधात मला सोडा सापडला. दूध नासायला लागलं की आंबटपणा लपवायला त्यात सोडा घालतात. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमी नव्या दिसताय. परत बघा की जरा." परत बघितलं. परत सोडाच. मी टँकर नाकारला आणि प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझं म्हणणं कायम ठेवलं. रविवारी फोनवर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही "शाब्बास!" असे ओरडलात की फोन कानापासून लांब धरावा लागला. सुनील सांगत होता, संध्याकाळी चावडीवर पोचेस्तोवर त्या एका टँकरचे चार झाले होते आणि ड्रायव्हर पळून गेला होता.

दर रविवारी तुमचा फोन. "खुशाल?" "खुशाल, आबा. तिकडं?" "समदं खुशाल हाय." शेवटच्या दोन-तीन फोनमध्ये तुमचा आवाज बसल्यासारखा वाटला. मागं कुणीतरी नावं पुकारत होतं. मी विचारलं, "आबा, कुठं आहात?" तुम्ही म्हणालात, "बाजाराला आलोय मिरजंत."

मिरजेला होताच. पण दवाखान्यात, छातीला नळ्या लावून! आणि सुनीलला, सासूबाईंना शपथ घातलेली: पोस्टिंगवर आहे ती, तिला कळवायचं नाही. का हो आबा? मी काय सीमेवर होते? लोणंद आणि मिरज एकाच रेल्वेच्या रुळावर आहेत. सकाळी गाडीत बसले असते तर दुपारी तुमच्या उशाशी असते. तुम्हाला स्वतःला जे पत्र जन्मभर सललं, तेच तुम्ही मला का लिहिलंत? आणि मीही कसली? दुधातला सोडा ओळखते, तुमच्या आवाजातला नाही ओळखला.

सुनीलनं शेवटी फक्त "ये" एवढंच म्हटलं. किती दिवस लागतील ठाऊक नव्हतं, म्हणून ट्रंक भरूनच निघाले. मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं, फुलं घालून. सगळे घाई करत होते, पण सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. "माझी सून आल्याबिगर न्हाई," म्हणून बसल्या होत्या. तुमचं तोंड बघायला मिळालं. बोलायला नाही मिळालं. फार राग आला होता मला तुमचा. अजून आहे थोडा.

तेराव्यानंतर भावकी परत जमली. आता पोस्टिंग म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. धाकटे काका म्हणाले, घर मोकळं पडलंय, वहिनीला सोबत हवी, झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. खरं सांगू? मीही मनातून हरले होते. वर्ष निम्म्यात सुटलं की डिग्रीही सुटणार हे कळत होतं, पण सुनील दिवसभर द्राक्षाच्या बागेत, मग सासूबाईंना घरात एकटं सोडून जायचं कोणत्या तोंडानं? तेवढ्यात आतून फरशीवर काहीतरी खरडल्यासारखा आवाज आला. सासूबाई ट्रंक ओढत ओढत बाहेर आणत होत्या, एकट्या. ती त्यांनी सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवली.

"रजा संपली तिची," म्हणाल्या.

धाकटे काका म्हणाले, "आवं वहिनी, पण तुमी एकट्या..."

"म्या जलमभर एकटीच व्हते की. हे कवा घरात व्हते? तवा त्यास्नी कधी अडवलं न्हाई, मग हिला का अडवू?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पर एक सांगते. तुझ्या आबांसारखं माझं न्हाई. मी काय बी दडवणार न्हाई. डोकं दुखलं तरी फोन करीन."

आणि केले, आबा! रोज! गुडघा धरलाय, दात हलतोय, पित्त झालंय, म्हशीनं पाय दिला, सुनील नीट जेवत नाही, आज तुमच्या आठवणीनं भाकरी गिळली नाही. डेअरीत डबा खाताना मी हे सगळं ऐकायची. खोलीतल्या मुलींनाही सासूबाईंच्या गुडघ्याची खडान्‌खडा माहिती झाली होती. चित्त ढळतं म्हणत होतात ना? नाही ढळलं. उलट घरचं सगळं कळलेलं असलं की कामात मन लागायचं. साहेबांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, डिग्री हातात आली की ये, केमिस्ट म्हणून घेतो. हे मी पहिलं कुणाला सांगितलं असेल? सासूबाईंना. त्यांनी तासाभरात गावभर केलं, "पोस्टिंग वाढली तिची."

आज फाट्यावर उतरले तर त्या ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. हिराकाकू हळूच म्हणाल्या, "ताट माझ्याकडं दे, तू आता कशी ओवाळणार?" सासूबाई म्हणाल्या, "जाताना म्या ओवाळलं, येताना बी म्याच ओवाळणार. सून माझी हाय." हिराकाकूंनी निरांजनाला वाऱ्यापासून आडोसा धरला. आबा, तुम्ही तिथं हवे होतात. ताठ उभं राहून मीच एक सॅल्यूट ठोकला, त्यांना. वेडावाकडा. दोघी हसून हसून रडल्या.

तुम्ही मला फौजी मानलंत, इतकं की दुखणंसुद्धा फौजीसारखं माझ्यापासून लपवलंत. मानलंत याचा मला अभिमान आहे. लपवलंत याला माफी नाही. म्हणून वचन देते: या घरातून इथून पुढं जो कुणी बाहेर जाईल, सून असो, लेक असो, नात असो, त्याला इथलं खरं कळेल. आणि तुम्हालाही. तर ऐका.

सासूबाईंचा उजवा गुडघा सुजलाय, पुढच्या आठवड्यात मिरजेला दाखवणार आहोत. द्राक्षांवर यंदा करपा आला, निम्मा माल गेला. सुनील बोलत नाही, पण त्याची झोप उडालीय. म्हैस आटलीय. तुमची खुर्ची अजून कुणी वापरत नाही. मला तुमची फार आठवण येते.

बाकी सगळं खुशाल.

तुमची सून,
अश्विनी
(ट्रंकेवरचं 'ट्रेनी' खोडून नवा हुद्दा रंगवायचाय. ब्रश कुठं ठेवलात ते सासूबाईंनाही माहीत नाही.)